पारदर्शक कुलूप आणि त्यापुढचा सराव

किल्लीशिवाय कुलूप उघडण्याचा छंद ज्यांना लागतो, त्यांच्या हाती पहिल्यांदा बहुधा एकाच घडणीचा संच येतो : पारदर्शक प्लास्टिकचे एक कुलूप, पिना बदलता येतील असे धातूचे एक सरावकुलूप, पातळ पोलादी हत्यारांचा जुडगा आणि सोबत एक छोटी पुस्तिका. मी वापरत असलेला संचही असाच आहे. त्याच्या खोक्यावरची दर्शनी जागा पारदर्शक कुलपाने अडवली आहे आणि विक्रीची सारी भिस्तही त्याच्यावरच दिसते. प्रत्यक्षात मात्र पैसे वसूल होतात ते कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या धातूच्या कुलपामुळे.

पारदर्शक कुलपाचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. अमेरिकी कुलूपकार धाकटे लायनस येल यांनी १८६० च्या दशकात पेटंट घेतलेली पिन टंबलर रचना आजही जगभर दारांवर आणि टांगत्या कुलपांत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते, आणि ती नुसत्या शब्दांत समजावणे अवघड आहे. मध्ये फिरणारा गाभा, त्याभोवती कवच, दोहोंना छेदत जाणारी भोके, प्रत्येक भोकात एकावर एक बसलेल्या दोन पिना आणि त्यांना वरून दाबणारी स्प्रिंग, एवढाच तो कारभार. योग्य किल्ली आत गेली की प्रत्येक जोडीतला सांधा गाभा आणि कवच यांच्या सीमेवर, म्हणजे शिअर लाइनवर, येतो आणि गाभा फिरायला मोकळा होतो. एखादी पिन जरी केसभर वर किंवा खाली राहिली तरी तो अडतो. पारदर्शक कुलपात किल्ली सावकाश सरकवत हे एकदा पाहिले की पुस्तिकेतील आकृत्यांकडे पुन्हा वळावे लागत नाही.

त्याचा उपयोग मात्र तिथेच संपतो. पिन टंबलर कुलूप हत्याराने उघडता येते, कारण घडवताना त्याची भोके कधीच तंतोतंत एका रेषेत येत नाहीत. टेन्शन रेंचने, म्हणजे किल्लीच्या भोकात अडकवायच्या वाकड्या पट्टीने, गाभ्यावर हलका ताण दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत. आधी एक अडकते, ती हूकने, म्हणजे टोकाशी वळवलेल्या बारीक हत्याराने, सीमेपर्यंत उचलली की बोटांना सूक्ष्म टिचकी जाणवते, गाभा किंचित सरकतो आणि मग पुढची अडकते. हा क्रम ओळखणे हेच सगळे कौशल्य आहे. संचातील प्लास्टिकची भोके इतकी सैल आहेत की रेक, म्हणजे नागमोडी टोकाचे हत्यार, नुसता मागेपुढे घासला तरी कुलूप उघडते, आणि टिचकीही धातूइतकी स्पष्ट येत नाही. शिवाय पिना समोर दिसत असताना बोटांवर विसंबण्याची सवय लागत नाही. शिकणारा पाहून उचलत राहतो आणि साधे बंद कुलूप हाती आले की चाचपडतो. त्यामुळे हे कुलूप समजून घेण्यापुरते वापरावे आणि इतरांना रचना दाखवण्यासाठी राखून ठेवावे.

धातूच्या सरावकुलपाच्या माथ्यावर छोटे पेच आहेत. ते काढून स्प्रिंग आणि पिना बाहेर घेता येतात, त्यामुळे एका जोडीपासून सुरुवात करून हळूहळू जोड्या वाढवता येतात. एकच जोडी असलेले कुलूप उघडण्यात काय अर्थ, असे सुरुवातीला वाटते खरे, परंतु ताण किती द्यावा आणि बसलेली पिन हाताला कशी लागते हे तिथेच कळते. जवळजवळ प्रत्येक नवखा ताण गरजेपेक्षा जास्त देतो. त्याने बसलेली पिन आणि अडकलेली पिन यांतला फरकच हरवतो.

संचातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे सुट्या पिशवीत दिलेल्या स्पूल पिना. दोऱ्याच्या रिळासारखा त्यांचा मधला भाग बारीक असतो. साधी पिन काढून वरच्या बाजूला अशी पिन घातली की कुलपाचा स्वभावच बदलतो : गाभा अचानक काही अंश फिरतो, आता उघडले असे वाटते आणि तिथेच तो घट्ट थांबतो. पिनेची बारीक कंबर सीमेवर अडकलेली असते. अशा वेळी पिना एकेक हलकेच दाबून पाहाव्या लागतात. ज्या पिनेवर दाब देताच गाभा उलट दिशेने परतू लागतो, ती स्पूल. तेव्हा रेंचवरचा ताण जपून सैल करत गाभ्याला मागे येऊ द्यायचे आणि पिन मात्र वर उचलत राहायची. ताण जरा जास्त सुटला तर आधी बसवलेल्या पिनाही खाली येतात. या छंदाची खरी गोडी इथून सुरू होते, असे माझे मत आहे.

हत्यारांच्या बाबतीत संचाने संख्येवर भर दिला आहे, आणि तो वाया गेला आहे. दोन वेगवेगळ्या उंचीचे हूक आणि एक रेक यांपलीकडची हत्यारे जवळपास पडूनच राहतात. त्याऐवजी रेंच अधिक हवे होते. किल्लीच्या भोकाच्या वरच्या कडेला बसणारा सपाट रेंच तर दिलेलाच नाही. तो असता तर खालची जागा हूकसाठी मोकळी राहिली असती. पिकच्या, म्हणजे हूक-रेकसारख्या पिना हलवणाऱ्या हत्यारांच्या, कडा खरखरीत आहेत, आणि ही खरखर पिनेवरून येणाऱ्या सूक्ष्म जाणिवेत मिसळते. बारीक पॉलिश पेपरने कडा घासून घेतल्यावर फरक लगेच जाणवला.

खोक्यावर ‘काही सेकंदांत उघडा’ असे लिहिले आहे. लंडनमध्ये १७९० पासून आव्हान म्हणून मांडलेले इंग्रज कुलूपकार ब्रामा यांचे कुलूप १८५१ मध्ये अमेरिकी कुलूपकार अल्फ्रेड हॉब्ज यांनी उघडले, तेव्हा त्यांना १६ दिवसांत विभागून ५१ तास लागले होते. त्या कुलपाची रचना वेगळी होती, हे खरे. तरी सेकंदांची भाषा या छंदाला शोभत नाही.

पुस्तिकेत दोन नियम मात्र ठळक छापले आहेत : कुलूप स्वतःचे असावे किंवा मालकाची परवानगी असावी, आणि वापरात असलेल्या कुलपावर सराव करू नये. दुसऱ्या नियमाचे कारण तिने द्यायला हवे होते. सरावात पिन किंवा स्प्रिंग बिघडली तर पुढे खरी किल्लीही चालेनाशी होते आणि दार बंदच राहते. अशी हत्यारे बाळगण्याविषयीचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, त्यामुळे संच मागवण्यापूर्वी आपल्याकडचा नियम पाहून घ्यावा. पिना बदलता येणारे धातूचे कुलूप आणि स्पूल पिना सुट्या मिळत असतील, तर दोन चांगले हूक आणि दोन रेंच वेगळे घेऊन हा संच टाळलेला बरा.