सामाईक काल्पनिक प्रदेशात आठ महिने: वाटणी, बांध आणि 'काढणं'

काल्पनिक जगाचा नकाशा काढायचा छंद मला लहानपणापासून आहे. वहीच्या मागच्या पानावर बेटं, बेटांवर डोंगर, डोंगरांतून आगगाडी. आठ महिन्यांपूर्वी तोच छंद घेऊन मी एका सामाईक नकाशात शिरलो. ओपनजिओफिक्शनचं, म्हणजे अनेक जण मिळून इंटरनेटवर काढतात त्या काल्पनिक जगाच्या नकाशाचं, नाव या प्रकारात बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. तशा धर्तीचा आणखी एक नकाशा समजा. मी ज्यात आहे त्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोड्या कुरबुरी आहेत आणि त्या माणसांच्या आहेत, सॉफ्टवेअरच्या नाहीत.

सॉफ्टवेअरचं आधी उरकतो, कारण तिथे फार बोलण्यासारखं नाही. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपची, म्हणजे लोकांनी मिळून काढलेल्या खऱ्या जगाच्या खुल्या नकाशाची, यंत्रणाच इथे चालते: तेच नोड (बिंदू), वे (रेघा) आणि रिलेशन (त्यांना एकत्र बांधणारे गट), वस्तू काय आहे ते सांगणारे तेच टॅग, तोच जोसम एडिटर. फरक एवढाच, की खाली खरी पृथ्वी नाही. उपग्रहाचं चित्र नाही, उंचीची आकडेवारी नाही. डोंगर कुठे आहे हे फक्त काढणाऱ्याच्या डोक्यात असतं, आणि दुसऱ्याच्या डोक्यात तो तिथे नसेल तर नदी सरळ चढावर वाहायला लागते. पहिल्या आठवड्यात मी किनारा उलट्या दिशेने काढला. किनाऱ्याची रेघ ज्या दिशेने जाते तिच्या डाव्या हाताला जमीन आणि उजव्या हाताला पाणी असायला लागतं. माझं बेट तळं झालं आणि भोवतीचा समुद्र कोरडा पडला. ते दोन दिवसांत समजलं. माणसं समजायला आठ महिनेही पुरलेले नाहीत.

अशा नकाशात बहुतेकांना स्वतःचा एकेक देश मिळतो. काही प्रदेश मात्र सामाईक असतात, कुणीही सभासद त्यात काम करू शकतो. मी मुद्दाम असाच प्रदेश निवडला. त्याचं नाव ठरायचंच होतं, दोन देशांच्या मधे होता म्हणून सगळे त्याला 'मधला' म्हणायचे. अजूनही तेच म्हणतात. यादीत अकरा सभासद होते, प्रत्यक्ष हात चालवणारे चार. बाकीचे कधीतरी येऊन गेले होते आणि त्यांच्या खुणा राहिल्या होत्या: सहापदरी महामार्ग जो शेतात जाऊन संपतो, धावपट्टी आहे पण इमारत नाही असा विमानतळ, आणि तीन वेगवेगळ्या रेल्वे ज्या एकमेकींना कुठेच भेटत नाहीत. नवीन येणारा प्रत्येक जण आधी राजधानी काढतो, मग चौपदरी रस्त्यांचा एक भलामोठा गुंता काढतो. सांडपाण्याचा प्रकल्प काढलेला एकही माणूस मला अजून भेटलेला नाही. (मी काढला. कुणी बघितलाही नाही.)

मी आलो तेव्हाच 'मधल्या'चं पुढे काय करायचं यावर चर्चा चालू होती. एका गटाला सरळ वाटणी हवी होती, म्हणजे दोन्ही शेजाऱ्यांनी अर्धा अर्धा घ्यायचा. दुसऱ्या गटाला पाटी कोरी करायची होती. काहींचं म्हणणं, एकाच माणसाकडे सोपवा, तो सांगेल तसं बाकीच्यांनी करायचं. आणि चालू आहे तसं चालू द्या म्हणणारे नेहमीप्रमाणे सर्वांत जास्त होते, पण ते मत द्यायला येत नव्हते.

मी वाटणीच्या बाजूचा होतो. भाऊबंदकी नको, एकदा बांध घातला की आपापलं शेत ज्याने त्याने कसावं, असं मला वाटायचं. मग एकाने मध्यावर आडवी रेघ मारून दाखवली. पडद्यावर दोन्ही भाग अगदी सारखे दिसत होते. मलाही पटलं. तेवढ्यात आमच्यातल्या एका निवृत्त ड्राफ्ट्समन काकांनी विचारलं, "अक्षांश बघितलेत का?" 'मधला' साधारण ५४ ते ६० अक्षांशांच्या पट्ट्यात आहे आणि पडद्यावरचा नकाशा मर्केटर पद्धतीचा. विषुववृत्तापासून जसजसं दूर जाऊ तसतसं सगळं फुगत जातं. ६० अक्षांशावर लांबी दुप्पट दिसते, क्षेत्रफळ चौपट. काकांनी गणित मांडलं: पडद्यावर मधोमध आलेली रेघ ५७ अंशांच्या थोडी वर पडते, आणि प्रदेश सगळीकडे सारखा रुंद धरला तर दक्षिणेकडे ५४ टक्के जमीन जाते, उत्तरेकडे ४६. शिवाय बंदर दक्षिणेला आणि उत्तरेला निव्वळ दलदल. तो दिवस वाटणीचा शेवटचा दिवस. कारण आता प्रत्येक जण टक्के मोजायला बसला, आणि टक्के मोजायला लागल्यावर दलदल कुणालाच नको होती.

काका मला फार शिकवून गेले. (गेले म्हणजे आहेत अजून, चांगले खणखणीत.) आम्ही दोघेच मराठी, म्हणून आमचे निरोप मराठीत. आणि तिथेच मी या आठ महिन्यांतला सर्वांत मोठा घोळ घातला.

प्रदेशाच्या मधून एक मोठी नदी वाहते, समुद्राजवळ तिचे दोन फाटे होतात. पूर्वेचा फाटा कुणीतरी पूर्वी ओबडधोबड काढलेला होता, कोनाकोनांचा. तो नीट, वळणदार काढून हवा होता. मी काकांना लिहिलं, "पूर्वेचा फाटा काढून ठेवा, म्हणजे रात्री मला तिथे स्टेशन बसवता येईल." रात्री उघडून बघतो तर फाटा गायब. फाटाच काय, त्याला मिळणारे ओढेही गायब. मी घाबरून निरोप पाठवला. काकांचं उत्तर, "अरे, तूच म्हणालास काढून ठेवा. मला वाटलं स्टेशनसाठी जागा मोकळी हवी."

आपल्या भाषेत चित्र काढतात आणि डागही काढतात. त्या रात्रीपर्यंत मला हे कधी खटकलं नव्हतं.

पण खरी गंमत पुढे होती. तो फाटा नुसता फाटा नव्हता, तो दोन तालुक्यांमधली हद्दही होता. या यंत्रणेत हद्दीसाठी दोन रेघा काढत नाहीत. रेघ एकच असते आणि ती दोन्ही बाजूंच्या रिलेशनमध्ये सभासद असते. म्हणजे बांध एकच, पण दोन्ही सातबाऱ्यांवर त्याची नोंद. फाटा पुसला तसे दोन्ही तालुके एका बाजूने उघडे पडले आणि नकाशावरून त्यांचा आकारच नाहीसा झाला. जोसमने हटवताना सूचना दिली होती, काकांनी 'चालेल' दाबलं. ते म्हणाले, "सूचना वाचायची सवय असती तर मी आयुष्यभर चश्मा नसता शोधला."

सगळा इतिहास जपून ठेवलेला असतो, त्यामुळे पुसलेलं परत आणता येतं. पण तोवर तिसऱ्या एका सभासदाने तुटलेली हद्द बघून सरळ स्वतःची नवीन रेघ टाकली होती आणि तालुके तिला जोडून दिले होते. आता प्रत्येक वस्तूला आवृत्ती क्रमांक असतो. तुमच्याकडची आवृत्ती जुनी असेल तर सर्व्हर बदल घेतच नाही. जोसम मग रकाने समोर ठेवतो, डावीकडे माझं, उजवीकडे त्यांचं, आणि विचारतो की कुठलं ठेवू. एकेका वस्तूला. पहिल्या दहा वेळा मी 'माझं' दाबलं. अकराव्या वेळी बघितलं की त्या तिसऱ्या माणसाची रेघ माझ्यापेक्षा चांगली होती, ओढ्यांच्या तोंडाशी गाळाची बेटं सुद्धा होती. मग उलटा फिरलो. पहाटेचे तीन वाजले. पण त्या रकान्यांपुढे बसून मला जे कळलं ते आधीच्या चर्चेत कळलं नव्हतं: आम्ही 'कुणाचं' विचारत होतो, आणि रेघेला कुणी एक मालक असायची सोयच नव्हती.

चर्चेत खऱ्या जगाचे दाखले खूप यायचे, आणि खरं सांगायचं तर मला तो भाग सर्वांत आवडला. चालू आहे तसं चालू द्या म्हणणाऱ्यांना एकाने न्यू हेब्रिडीजची आठवण करून दिली. आजचं व्हानुआतू. तिथे १९०६ ते १९८० ब्रिटन आणि फ्रान्सचा संयुक्त कारभार होता: पोलीस दोन, चलनं दोन, न्यायालयं तर तीन. आमच्या तीन रेल्वेंची आठवण येऊन सगळे हसले आणि तो पर्याय तिथेच मेला. पाटी कोरी करणाऱ्यांना दुसऱ्याने अंटार्क्टिकाचं उदाहरण दिलं: १९५९ च्या करारात बारा देशांनी सह्या केल्या, कुणाचा दावा मान्यही केला नाही आणि फेटाळलाही नाही, आहे तिथे गोठवला आणि काम चालू ठेवलं. हे मला फार पटलं. जे आहे ते कुणाचं हे न ठरवता पुढे जाता येतं.

पाटी कोरी करण्याला माझा विरोध मात्र एका गावामुळे होता. दक्षिण किनाऱ्यावर मच्छीमारांचं एक छोटं गाव आहे. काढणारा माणूस वर्षभर फिरकलेला नाही, निरोपाला उत्तर नाही. पण त्या गावात प्रत्येक धक्का वेगळा, बर्फाचा कारखाना वेगळा, आणि किनाऱ्याला लागून जाळी वाळवायची मोकळी जागाही आखलेली आहे. गावाबाहेरच्या रस्त्याला एक वळण विनाकारण आहे, नीट बघितलं तर कळतं की ते एका जुन्या झाडाला वळसा घालून जातं. झाडाचा नोड तिथे आहे. हे गाव कोण पुसणार? मतदानाच्या वेळी मी काहीच युक्तिवाद केला नाही, फक्त त्या झाडाचा दुवा पाठवला. तीन मतं फिरली.

शेवटी जे ठरलं त्याचं बीज फेझंट बेटाच्या दाखल्यात होतं. फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवर बिदासोआ नदीत एवढंसं बेट आहे. १६५९ च्या पिरेनीज करारापासून ते दोघांचं सामाईक आहे, आणि सध्या सहा महिने एकाकडे, सहा महिने दुसऱ्याकडे असतं. आम्ही ते आमच्या पद्धतीने वळवून घेतलं. किनारा, डोंगर, नद्या, मुख्य रेल्वे, मुख्य रस्ते आणि हद्दी हा सांगाडा सर्वांचा; त्याला हात लावायचा तर आधी सांगायचं आणि आठवडाभर थांबायचं. बाकी जमिनीचे तुकडे पाडले आणि एकेक तुकडा एकेकाला सहा महिन्यांसाठी दिला. मुदत संपली की पुन्हा मागायचा. कुणी आलाच नाही तर तुकडा परत सामाईकात, पण त्याने काढलेलं जागेवर राहील, नुसतं आवडलं नाही म्हणून पुसायचं नाही.

हे चालतं का? बऱ्यापैकी. तिन्ही रेल्वे आता एका जंक्शनवर भेटतात. महामार्ग शेतात संपत नाही, टोलनाक्यापर्यंत जाऊन संपतो, ही प्रगतीच. दलदल घ्यायला कुणी तयार नव्हतं म्हणून मीच घेतली, आणि दोन महिन्यांत माझं सर्वांत आवडतं काम तेच झालं: पाणवाटा, लाकडी पायवाटा, पाणी मोजायची एक खोली.

पण गोडवे गाऊन थांबणार नाही. आठवडाभर थांबण्याचा नियम जीव काढतो. एका पुलाची कमान बदलायला मला सोळा दिवस लागले, कारण दोन वेळा कुणीतरी शेवटच्या दिवशी प्रश्न विचारला. सांगाडा सांभाळणारे तिघे आता नकळत तालेवार झाले आहेत. रेल्वे कुठून न्यायची हे ज्याने ठरवलं त्याने कुठली गावं वाढणार हेही ठरवलं, आणि त्यावर कधी मतदान झालं नाही. मी हे दोनदा बोललो. दोन्ही वेळा सगळे "बरोबर आहे" म्हणाले आणि विषय संपला. आणि प्रदेशाचं नाव आजही ठरलेलं नाही.

कुणी यात उतरणार असेल तर स्वतःचा देश घेऊन आधी सहा महिने हात बसवा, मग सामाईकात या. ज्यांना आपलं काढलेलं दुसऱ्याने बदललं की झोप लागत नाही, त्यांनी सामाईकात येऊच नये, यात कमीपणा काही नाही. आणि एका बैठकीत हजारभर वस्तू अपलोड करू नका. नियमाने चालतं, पण त्यातली चूक शोधणाऱ्याला तुमचं नाव घेऊन शिव्या द्याव्या लागतात.

माझी दलदलीची मुदत पुढच्या महिन्यात संपते. पुन्हा मागितली आहे. काका आता बदलांच्या टिपणीत 'काढलं' लिहीत नाहीत. 'रेखाटलं' लिहितात नाहीतर 'पुसलं'. गेल्या आठवड्यात मीच घाईत लिहून गेलो, "उत्तरेची पाणवाट काढली." दहा मिनिटांत त्यांचा निरोप आला: "म्हणजे नक्की काय केलंस?"