घरबसल्या कालसर्प शांत: माझ्या मावशीला कसं लुटलं

मावशीच्या मुलाचं लग्न जमत नव्हतं. मोफत पत्रिका पाहून देणारी एक जाहिरात तिला फोनवर दिसली. तिने मुलाची जन्मतारीख, वेळ, गाव भरलं आणि थोड्याच वेळात फोन आला. माणूस बोलायला फार गोड. "माई, मुलाला कालसर्प आहे, घराण्याला पितृदोषही आहे. वेळेत आलात म्हणून बरं." त्र्यंबकेश्वरला 'आमचे गुरुजी' शांत करतील, तुम्ही घरी बसून व्हिडिओ बघा. रक्कम ५,१०० रुपये.

शांत झाली म्हणाले, आणि लगेच पुढचा फोन. पूजेत समई विझली, राहू कोपला, आता त्याचा १८,००० जप. मग चांदीची नागाची जोडी. मग नारायण नागबळी हा पितृदोषावरचा मोठा विधी, ५१,००० रुपये. पैसे दर वेळी वेगळ्याच नावाच्या यूपीआय खात्यावर. आणि एक अट कायम: घरात कोणाला सांगायचं नाही, सांगितलं तर फळ मिळत नाही. मला सगळ्यात चीड येते ती या अटीची. एकट्या बाईला तिच्याच माणसांपासून तोडायचं आणि मग निवांत लुटायचं. नागबळीसाठी तिने पाटल्या गहाण टाकल्या, तेव्हा सुनेच्या लक्षात आलं.

तो व्हिडिओ मी कान देऊन ऐकला. संकल्पात संवत्सर, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी सगळं उच्चारतात, म्हणजे पूजा कधीची ते त्यातच कळतं. मावशीने पैसे भरले मार्गशीर्षात. व्हिडिओतले गुरुजी म्हणतात, "वर्षाऋतौ, श्रावणमासे, शुक्लपक्षे." गोत्र काश्यप सांगतात, आमच्या मावशीकडचं भारद्वाज. यजमानाच्या नावाच्या जागी आवाज मध्येच तुटतो. कोणाच्या तरी श्रावणातल्या पूजेचं चित्रीकरण उचलून किती जणांना विकलं असेल कोण जाणे.

मग पत्रिका काढली. राहू-केतूच्या एकाच बाजूला सगळे ग्रह आले तर कालसर्प म्हणतात. इथे राहू तुळेत, केतू मेषेत. गुरू वृश्चिकेत आणि शनी कुंभेत, पण मंगळ कर्केत, म्हणजे दुसऱ्या बाजूला. मानणाऱ्यांच्या हिशेबानेही हा योग होतच नाही. (वराहमिहिराच्या बृहज्जातक या ज्योतिषाच्या जुन्या ग्रंथात कालसर्प हे नावही नाही, हे मावशीला नंतर सांगितलं तेव्हा ती कितीतरी वेळ गप्प होती.)

नारायण नागबळी तर घरबसल्या होण्यासारखा विधीच नाही. तो त्र्यंबकेश्वरला तीन दिवस चालतो, कर्त्याला स्वतः तिथे राहावं लागतं, तिथल्या कुशावर्त कुंडावर स्नान करून बसावं लागतं. तिथल्या तीर्थोपाध्यांकडे पिढ्यान् पिढ्यांच्या वह्या असतात, आपल्या आजोबा-पणजोबांची नावं त्यात सापडतात. विधी करायचाच असेल तर तिथे जाऊन, समोर बसून, दक्षिणा आधी ठरवून करा. मी श्रद्धेच्या विरोधात नाही, दरवर्षी आमच्याकडे सत्यनारायण होतो. पण समई विझली म्हणून घाबरवून पैसे मागणारा माणूस पुरोहित नव्हे.

आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकली. नागबळीचे पैसे नुकतेच गेले होते म्हणून त्यातली काही रक्कम समोरच्या खात्यात गोठवता आली. आधीची सगळी काढून घेतलेली होती. पैसे गेल्या गेल्या फोन करणं म्हणून फार महत्त्वाचं. व्यवहाराचा क्रमांक, यूपीआय आयडी, कॉल आलेले नंबर, सगळ्याचे स्क्रीनशॉट ठेवा, लाजेपोटी चॅट पुसू नका. मावशीने अर्धं चॅट पुसलं होतं, तेवढे पुरावे गेले.

परवा तिच्या शेजारच्या काकूंनी त्यांच्या फोनवर आलेला एक व्हिडिओ दाखवला. तेच गुरुजी, तोच श्रावण, तेच काश्यप गोत्र. त्यांचे ५,१०० अजून भरायचे होते.