खोटा हार, खरे दागिने

फ्रेंच कथाकार गी द मोपासाँची ‘हार’ (1884) ही कथा बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेली असते. वर्षभर आधीची ‘दागिने’ (1883) मात्र मागे पडते. दोन्हींत सरस कोणती? दोन्हींत पॅरिसच्या मंत्रालयातला कारकून आणि नटण्याची हौस असलेली बायको. ‘हार’मध्ये मातिल्द मैत्रिणीचा उसना हार हरवते, तसाच 36,000 फ्रँकचा घेऊन परत करते आणि नवरा-बायको दहा वर्षं कर्ज फेडत राबतात. शेवटी कळतं, मूळ हार नकली, फार तर 500 फ्रँकचा. धक्का जबर, पण एकदाच बसतो.

‘दागिने’त नेमकं उलटं. बायको न्यूमोनियाने गेल्यावर कारकून लांतँ तिचा ‘खोटा’ हार सहा-आठ फ्रँकांच्या आशेने विकायला नेतो, तर तो खरा निघतो! आला कुठून, हे लेखक सांगत नाही. पण ती कुणा परपुरुषाची भेट असणार, हे लांतँला उमगतं आणि तो भर रस्त्यात बेशुद्ध पडतो. मग? लाजत-लाजत तिचे सगळे दागिने विकून 1,96,000 फ्रँक खिशात घालतो, वर भेटेल त्याला वारसा मिळाल्याचं फुगवून सांगतो. अब्रूची किंमत इतक्या थंडपणे क्वचितच कुणी मांडली असेल, म्हणून माझं मत ‘दागिने’लाच. पुढे त्याची दुसरी बायको अगदी सच्छील निघते, पण भलतीच तापट; तिच्यापायी त्याचे फार हाल होतात.