मे महिन्यात शिकवायला जायचंय: नैरोबी की गोरखा?

मुंबईतल्या शिक्षकाला सलग मोकळा वेळ मिळतो तो मे ते जूनच्या मध्यापर्यंत. दिवाळीच्या सुट्टीचा या कामासाठी उपयोग नाही. नेपाळमध्ये दसैं-तिहारमुळे, म्हणजे तिथल्या दसरा-दिवाळीमुळे, शाळा बंद असतात आणि केनियात वर्षअखेरीच्या परीक्षांची गडबड असते. मे महिन्यात मात्र दोन्हीकडे वर्ग भरलेले असतात. मी नैरोबीतल्या झोपडवस्तीतल्या एका शाळेत, स्वयंसेवक पाठवणाऱ्या संस्थेला शुल्क भरून, शिकवायला गेलो होतो. नंतर नेपाळच्या गोरखा जिल्ह्यातल्या एका सामुदायिक, म्हणजे सरकारी मदतीवरच्या, शाळेत मुख्याध्यापकांशी थेट बोलून गेलो. कुठे जावं असं विचारणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

आधी एक गोष्ट. अनाथालयात जाऊन मुलांसोबत राहण्याचा पर्याय मी या तुलनेत धरलेलाच नाही, कुणी सुचवला तरी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. नेपाळच्या बालगृहांतल्या बहुसंख्य मुलांचे आई-वडील, निदान दोघांपैकी एक, हयात असतात. पाहुण्यांकडून पैसा येतो म्हणून गावाकडून मुलं आणली जातात. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये या प्रकाराची आधुनिक गुलामगिरीत गणना केली आणि २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही त्याविरुद्ध ठराव केला. दर महिन्याला नव्या माणसाचा लळा लागून तो तुटणं लहान मुलाला किती जड जात असेल, हे आपण शिक्षकांनी तरी ओळखायला हवं.

आता प्रवासाचं. केनियासाठी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी काढावी लागते, पण तेवढ्यावर भागत नाही. पर्यटक म्हणून शिरून शाळेत काम करणं नियमात बसत नाही, तेव्हा कामाच्या परवान्याचं संस्थेकडून लेखी घ्या. पीतज्वराची लस निघण्याआधी किमान १० दिवस घेतलेली हवी. तिचं पिवळं कार्ड नसेल तर परतताना आपल्याच विमानतळावरून विलगीकरणात जावं लागू शकतं. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, आधारवर विसंबू नका. १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी होतात, हा दर १९९३ पासून तसाच आहे. खर्चाच्या बाबतीत नेपाळ उजवं, यात वाद नाही.

पण वर्गात पाऊल टाकल्यावर पहिले काही दिवस मला नैरोबीच जास्त आवडलं होतं. मुलं धीट, प्रश्न विचारणारी, इंग्रजी आपल्या पाचवी-सहावीच्या मुलांपेक्षा सफाईदार. शिक्षक कमी पगारात, पत्र्याच्या खोलीत, दाटीवाटीने बसलेल्या वर्गाला हसतखेळत शिकवत होते. दुपारी मका आणि घेवड्याची गिथेरी सगळे मिळून खायचे. त्या शिक्षकांबद्दल मला आजही आदर आहे.

मला खटकलं ते वेगळंच. संस्थेची नवी तुकडी सोमवारी यायची. नवा स्वयंसेवक वर्गात शिरला की वर्गशिक्षिका फळा सोडून मागच्या बाकावर वह्या तपासायला जायच्या. मग स्वतःचं नाव सांगणं, रंगांची नावं, टाळ्यांचा खेळ, ‘माझं कुटुंब’चं चित्र. माझ्या पहिल्याच तासाला एका मुलीने मी सुरू करणार होतो त्या खेळाची पुढची ओळ आधीच म्हणून दाखवली, अगदी मदत म्हणून. तिच्या वहीत ‘माझं कुटुंब’ कितीतरी वेळा काढलेलं होतं, प्रत्येकाखाली वेगळ्या स्वयंसेवकाची सही. त्याच वर्गातल्या निम्म्या मुलांना हातच्याची वजाबाकी येत नव्हती. आधीच्या माणसाने काय शिकवलं आणि कुठे सोडलं याची कुठेच नोंद नव्हती. मी समन्वयकाकडे वर्गासाठी एक नोंदवही मागितली. प्रत्येकाची आपली शैली असते, असं त्यांनी गोड शब्दांत सांगितलं. माझ्याकडे पोलिसांचा दाखलाही कुणी मागितला नाही, आणि तो तर मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. शाळेचं वेळापत्रक आमच्या सोयीने वाकत होतं आणि वजाबाकी तिथेच राहिली होती. नंतर तिथली गंमत मला घेता आली नाही.

गोरखातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी फोनवरच तीन अटी घातल्या. पासपोर्ट कार्यालयाचा पोलीस दाखला पाठवायचा. वर्गशिक्षक खोलीबाहेर जाणार नाहीत, एकट्याने शिकवायचं नाही. आणि रोज संध्याकाळी शाळेच्या वहीत नोंद करायची. नैरोबीत जे मागून मिळालं नव्हतं ते इथे सक्तीचं होतं, त्यामुळे माझा कौल तिथेच अर्धा ठरला.

उरलेला अर्धा लिपीने ठरवला. नेपाळी देवनागरीत लिहितात, आकडेही आपलेच. तिसरीचं गणिताचं पुस्तक मी पहिल्या दिवशी वाचू शकलो. बोलणं अडखळत होतं, पण वहीत मूल नेमकं कुठे चुकतंय ते दिसत होतं. मराठी माध्यमाच्या शिक्षकाचा अनुभव याहून जास्त कामी येईल असा परदेश मला माहीत नाही. मुंबईच्या वस्त्यांत १९९५ च्या सुमारास ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेने काम सुरू केलं. मुलांना इयत्तेऐवजी त्यांना काय वाचता येतं त्यावरून गटात बसवायची त्यांची पद्धत आज झांबियासारख्या देशांतही वापरतात. तसे गट तिथल्या शिक्षकांनी आणि मी मिळून केले. मी निघाल्यावरही ते चालू राहिले, कारण ते मुळात त्यांचेच होते.

अडचणी आहेत. काठमांडूहून पृथ्वी राजमार्गाने आंबुखैरेनीला वळून वर जावं लागतं, पावसाला सुरुवात झाली की दरडींमुळे बस तासन्‌तास अडकते. जूनच्या मध्याला मुंबईत हजर व्हायचं असेल तर परतीला दोन-तीन दिवस हाताशी ठेवा. गुरुंग-मगर समाजांच्या घरांतल्या पहिलीच्या मुलांना नेपाळीही शाळेतच शिकावी लागते, तिथे देवनागरीचा फायदा संपतो. २०१५ च्या भूकंपाचं केंद्र याच जिल्ह्यात, बारपाकजवळ होतं. गावात त्याविषयी आपणहून विचारू नये, लोक बोलतील तेव्हा ऐकावं.

केनियात सगळीकडे असंच चालतं असं मी म्हणणार नाही, मी एकच शाळा पाहिली. तुमचं इंग्रजी पक्कं असेल, सहा महिने रजा मिळत असेल आणि तिथल्या शिक्षकांना हिशेब, संगणक किंवा परिचर्येतलं काही शिकवता येत असेल, तर नैरोबी चांगलं ठरेल. पैसे भरण्याआधी संस्थेला तीन गोष्टी विचारा: माझ्या आधीच्या माणसाची नोंदवही दाखवाल का, वर्गशिक्षक खोलीत थांबतील का, शुल्कातला किती भाग शाळेला जातो.

फक्त मेची सुट्टी असेल तर मी गोरखाच सांगेन. नेपाळी शाळांचं वर्ष त्यांच्या वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यानंतर, सुरू होतं आणि पहिले काही दिवस मुलांच्या प्रवेशातच जातात, म्हणून मेच्या दुसऱ्या आठवड्याआधी पोहोचायची घाई नको. पोलीस दाखल्याचा अर्ज मात्र मार्चमध्येच करा, आणि मुख्याध्यापकांकडून वर्गशिक्षकांचा नंबर घेऊन निघण्याआधी त्यांच्याशी एकदा बोला.