डासांसाठी मार्केट यार्डातल्या आमच्या कृषी सेवा केंद्रात गेलो होतो, त्याचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापला तो बिलिंगसाठी, पावसाळ्यात खताला एवढी गर्दी असती आणि बिल करायला माणूस एकच.

आमचा ऊस आहे, हुमणीसाठी (मुळं खाणारी जमिनीतली अळी) सूत्रकृमीची, म्हणजे किडी मारणाऱ्या बारीक जंतांची, पावडर इथनंच नेतो, हेटरोऱ्हॅब्डिटिस इंडिका. जमिनीत ओल पाहिजे, ऊन उतरल्यावर सोडायची, मेलेली हुमणी विटकरी लाल पडलेली सापडती, रिझल्ट एक नंबर. आता गल्लीत डेंगू सुरू झालाय, घरात लहान पोरं, आणि बोअरच्या हौदात बघतोय तर अळ्या शेपटी वर करून लटकलेल्या, सावली पडली की सगळ्या वळवळत खाली. म्हणून विचारलं, हीच पावडर हौदात चालंल का? विकायचीच असती तर पुडा हातात देऊन मोकळं होता आलं असतं, पण मालक म्हणाले, "नको दादा, ही मातीतली जात, पाण्यात तळाला बसती, हौदात हिचा भरवसा नाही."

डासाच्या अळीवरची जात वेगळी, रोमॅनोमर्मिस. तिची पिल्लं पाण्यात पोहत जाऊन अळी गाठतात, कातडीतनं आत शिरतात, आठवडाभर आतच वाढतात आणि अळीला भोक पाडून बाहेर पडतात, तिथंच अळी खलास, मग हे सूत्रकृमी खाली गाळात जाऊन अंडी घालणार म्हणजे एकदा जम बसला की पुढची फौज तिथंच तयार. मला तर हेच पाहिजे होतं! पण अंडी साठवून, पार्सल करून जिवंत ठेवणं लई अवघड, 1970 च्या दशकात अमेरिकेत बाजारात आणली होती तरी टिकली नाही. त्यामुळं दुकानात मिळत नाही. ह्यावर आपल्याकडं जोरात काम व्हायला पाहिजे असं मला मनापासनं वाटतं.

मग बीटीआय दिलं. हे जिवाणूंचं औषध, अळीनं खाल्लं की तिचं आतडंच निकामी होतं, माशांना काही होत नाही. डब्यावरच्या मापानं टाकलं, दुसऱ्या दिवशी अळ्या गपगार. स्वल्पविरामासारखे वाकडे कोष मात्र जिवंत होते, कारण कोष काही खातच नाही, हे मालकांनी आधीच सांगितलेलं, म्हणून ते जाळीनं काढले. परत टाकत राहावं लागतं आणि हौदाला झाकण पाहिजेच.

मालकांना एकच विनंती, बीटीआयचं लहान पॅकिंग ठेवा, शेती नसलेली माणसंपण नेतील.