रक्सोलिटिनिब : प्लीहा आवरते, हिमोग्लोबिन मात्र सांभाळावे लागते

वडिलांना मायलोफायब्रोसिस हा बोनमॅरोचा कर्करोग असून त्यांना रक्सोलिटिनिबच्या गोळ्या चालू आहेत. इंदूरमधील ओळखीच्या मराठी घरांतून ‘या गोळीने खरोखर फरक पडतो का’ अशी विचारणा होत असते, म्हणून हा अभिप्राय. फरक पडतो, पण कशात पडतो आणि कशात नाही, हे आधीच समजून घेतलेले बरे.

या आजाराच्या निम्म्या किंवा त्याहून अधिक रुग्णांत जॅक२ या जनुकातला, 2005 साली उजेडात आलेला बिघाड सापडतो. पेशींना ‘वाढा’ असे सांगणारी यंत्रणा त्यामुळे बंदच होत नाही आणि दाह पेटवणारे सायटोकाइन नावाचे रेणू रक्तात वाढतात. रात्रीचा घाम, खाज, थकवा, वजन घटणे ही बव्हंशी त्यांचीच करणी. ही गोळी जॅक१ आणि जॅक२ या दोहोंना रोखते. अमेरिकेत तिला नोव्हेंबर 2011 मध्ये मान्यता मिळाली. त्यामागच्या एका चाचणीत 24 आठवड्यांनी सुमारे 42 टक्के रुग्णांची प्लीहा (पोटात डावीकडे असणारा, या आजारात फुगणारा अवयव) किमान 35 टक्क्यांनी लहान झाली होती, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण एक टक्काही नव्हते.

बाबांची प्लीहा इतकी वाढली होती की पायजम्याची नाडी ते बेंबीच्या बऱ्याच खाली, सैल बांधत आणि अर्ध्या पोळीवरच ताट सरकवत. काही आठवड्यांत ते दोन पोळ्यांवर आले आणि घामाने भिजलेला बनियन मध्यरात्री बदलणे थांबले. (सराफा या इंदूरच्या खाऊबाजारातले भुट्ट्याचे कीस संसर्गाच्या भीतीने अजून बंदच आहे, आणि त्याचा राग ते माझ्यावर काढतात.) रोग मात्र मुळापासून गेलेला नाही, ती शक्यता बोनमॅरो प्रत्यारोपणातच असते आणि त्यांच्या वयात डॉक्टरांनी तो मार्ग सुचवला नाही.

गोळीचा खरा त्रास रक्ताच्या तपासण्यांत दिसतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत हिमोग्लोबिन घसरते. बाबांना रक्त चढवावे लागले. मात्रा प्लेटलेटवर ठरते : दोन लाखांच्या वर असल्यास सहसा 20 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, एक ते दोन लाखांत 15. दाहाबरोबर प्रतिकारशक्तीही दबते, त्यामुळे नागीण उठू शकते आणि दबलेला क्षय डोके वर काढू शकतो. क्षयाची तपासणी आधी करून घ्यावी. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या नेहमीच्या अँटिबायोटिकनेही या औषधाचे रक्तातले प्रमाण वाढते, तेव्हा सर्दी-खोकल्यासाठी गेलात तरी चिठ्ठीवर या गोळीचे नाव दाखवावे.

दवा बाजारातील एका दुकानाबद्दल मात्र तक्रार आहे. आगाऊ पैसे घेऊनही ‘परसों आ जाएगी’ म्हणत त्यांनी आम्हाला ताटकळत ठेवले. ही गोळी एकाएकी थांबली तर साधारण आठवड्याभरात जुनी लक्षणे परततात, कधी अधिक जोराने. बंद करायची झाल्यास डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. आता आम्ही दुसऱ्या दुकानात डबी अर्धी होताच मागणी नोंदवतो आणि पक्के बिल घेतो.