मिल-एसटीडी-४६१ की सिस्पर ३२, आधी कुठली टेस्ट करायची?

महापे-रबाळेच्या एमआयडीसीत डिफेन्सची पहिली ऑर्डर घेणारे छोटे युनिटवाले हमखास विचारतात, सिस्पर ३२ (आयटी-मल्टिमीडिया उपकरणांच्या रेडिओ उत्सर्जनाचं स्टँडर्ड) पास झालंय मग ४६१ (अमेरिकन लष्कराचं, उपकरणांच्या इलेक्ट्रोमॅग्नेटिक गडबडीचं स्टँडर्ड) पण होईल ना? असं अजिबात गृहीत धरू नका. सिस्परमध्ये अँटेना सहसा ३ किंवा १० मीटरवर असतो आणि ४६१ च्या जी आवृत्तीतल्या आरई१०२ या हवेतल्या उत्सर्जनाच्या टेस्टमध्ये फक्त १ मीटरवर, त्यात सिस्पर १ गिगाहर्ट्झच्या खाली क्वासी-पीक (क्वचित येणाऱ्या स्पाइकला कमी वजन देणारं मोजमाप) धरतं आणि इकडे सरळ पीक, म्हणजे क्वचित येणारा स्पाइकसुद्धा मोजला जातो, त्यामुळे दोघांचे लिमिट शेजारी ठेवून वजाबाकी करण्यात अर्थ नाही.

खरी गंमत केबलची आहे. ४६१ मध्ये टेबलावर मेटलचा ग्राउंड प्लेन, त्याच्यावर ५ सेंटीमीटर उचलून केबल ठेवतात आणि २ मीटर केबल पुढच्या कडेला समांतर, अँटेनाच्या तोंडासमोर. केबलची शील्ड पिगटेलने (पिळलेल्या तारेच्या शेपटीने) जोडली असेल तर तिथेच उघडी पडते, कनेक्टरला ३६० अंशात शील्ड बसवा, प्लीज.

सिस्पर ३२ फक्त एमिशनचं (उपकरणातून बाहेर पडणाऱ्या लहरींचं), इम्युनिटी (बाहेरच्या लहरी सहन करणं) सिस्पर ३५ मध्ये, तिथे फील्ड ३ व्होल्ट प्रति मीटर. ४६१ च्या आरएस१०३ या इम्युनिटी टेस्टमध्ये प्लॅटफॉर्मप्रमाणे (जहाज, विमान वगैरे) २०० पर्यंत! २०१५ च्या जी आवृत्तीत आकाशातली वीज आणि ईएसडी (स्थिर विजेचा झटका) यांच्या टेस्ट पण आल्या.

ऑफिसात बसणाऱ्या बॉक्सला ४६१ म्हणजे फुकटचा खर्च. पण जहाजावर जाणार असेल तर डिझाइनपासूनच ४६१ धरा आणि टेस्ट चेंबर बुक करायच्या आधी कस्टमरकडून प्लॅटफॉर्म लेखी घ्या.